फुलदाणीतली एदिल्मा

एदिल्मा चितीवा हिला नोकरीवरून काढणं कायद्याने अशक्य होतं आणि तिला करता येईल असं काम मळ्यात नव्हतं. या दोन गोष्टींच्या मधल्या फटीत मळ्याने एक खोली बांधली. खतांच्या गोदामाला टेकलेली, पत्र्याची, आत एक लांब टेबल, दोन बाकं आणि एक खिडकी. कागदोपत्री तिचं नाव पुनर्वसन विभाग. मळ्यातल्या बायका तिला फुलदाणी म्हणत. कापून झालेली फुलं सुकेपर्यंत ठेवायची जागा, म्हणून.

फाकातातिवात, आमच्या या गुलाबमळ्यांच्या गावात, गुलाबाचं कौतुक कुणालाच नाही. आमच्याकडे मयतालासुद्धा कार्नेशन नेतात. गुलाब नेला तर लोक समजतात की मळ्यातून चोरलेला आहे, आणि ते बहुधा बरोबर असतं. गावातल्या दर दुसऱ्या घरातली बाई मळ्यात आहे. लग्नात ती नवऱ्याला काय देईल ते सांगता येत नाही, पण मनगटं मात्र मळ्याला देते.

एदिल्मा बोयाका प्रांतातल्या बटाट्याच्या शेतातून इथे आली तेव्हा तिची वेणी कमरेपर्यंत होती आणि तिला घड्याळ वाचता येत नव्हतं. घड्याळ तिला मळ्याने शिकवलं. आधी कापणीला होती, मग पॅकिंग हॉलमध्ये. तिथे गुलाबांची जुडी बांधायची. पंचवीस दांडे दोन थरांत लावायचे, वरच्या थराचा खालच्या पाकळीला धक्का लागता कामा नये, मग पुठ्ठा गुंडाळायचा, पिना मारायच्या, दांडे एका रेषेत छाटायचे. हे काम सगळ्यांनाच येतं. एदिल्माला ते वेगळ्या तऱ्हेने यायचं. ती बांधताना शेजारणीशी भांडायची, शेजारीण भांडणात थांबायची, एदिल्माचे हात थांबायचे नाहीत.

नवरा, कुबियोस आडनावाचा, ट्रकवर होता. त्याची नोकरी गेली आणि पाठोपाठ तोही गेला, यानोसच्या मैदानांकडे. कामावरून काढलं म्हणून घर सोडावं लागलं, असा निरोप त्याने पाठवला होता. नोकरी असती तर त्याने कोणतं कारण दिलं असतं, हा विचार एदिल्माने केला नाही. तिला मुलगी वाढवायची होती.

व्हॅलेंटाईनच्या हंगामांनी तिचे हात खाल्ले. उजव्या हाताचा अंगठा आधी रात्री बधिर व्हायचा, मग दिवसा, मग कपबशी हातातून सुटायला लागली. मनगटावर दोनदा शस्त्रक्रिया झाली. शेवटी डॉक्टरांनी लिहून दिलं की या बाईने कात्री, पिना मारायचं यंत्र, ओझं यांतलं काहीही हातात धरू नये. ज्या दिवशी हे लिहून मिळालं त्या दिवसापासून एदिल्मा सुरक्षित झाली. आजारी कामगाराला कामगार निरीक्षकाच्या परवानगीशिवाय काढता येत नाही. इतकी वर्षं ती सर्वांत वेगवान होती तेव्हा तिला कुणीही कधीही काढू शकलं असतं.

तेव्हापासून ती देवघरातल्या बाळ येशूपुढे मेणबत्ती लावताना म्हणायची, "बाळा, हात बरा कर. पण घाई करू नकोस."

फुलदाणीत पाच-सात जणी होत्या. काम होतं रबरबँड निवडण्याचं. पॅकिंग हॉलच्या फरशीवर पडलेले रबरबँड झाडून पोत्यात भरून आणत आणि या बायकांनी ते रंगाप्रमाणे वेगळे करायचे. लाल, पिवळे, निळे. आठवड्याच्या शेवटी गोदामवाला तीन डबे घेऊन जायचा. सोमवारी पोतं यायचं, आणि त्यातले बरेचसे रबरबँड ओळखीचे असायचे.

"हा बघ, हा तुटका पिवळा," ब्लांका निएवेस म्हणायची. "तिसऱ्यांदा आला. याला पण काढता येत नाही वाटतं."

ब्लांका निएवेस एदिल्माची जुनी मैत्रीण आणि तिच्या मुलीची धर्ममाता. पाठीच्या कण्यात तिच्या दोन स्क्रू होते. तोंडात एकही नव्हता.

फुलदाणीवर देखरेख डॉक्टर आर्सेसिओंची. हे औषधाचे डॉक्टर नव्हेत. आमच्याकडे ज्याच्या गळ्यात टाय आणि हातात तुमची नोकरी आहे त्याला डॉक्टर म्हणतात. माणूस तसा सभ्य. रोज सकाळी डोकावायचे, "कशा आहात मुलींनो?" विचारायचे आणि अधूनमधून एखादीला बाजूला घेऊन सांगायचे की बसून बसून माणूस खचतो, त्यापेक्षा आपण गोडीगुलाबीने राजीनाम्याचं बघू. दोघीजणी खचल्या होत्या. एदिल्मा बटाट्याच्या शेतातली होती. तिला बसायला मिळतंय याचंच पहिलं वर्षभर आश्चर्य वाटलं. दुसऱ्या वर्षी लाज वाटायला लागली. पॅकिंग हॉलमधल्या पोरी जेवणाच्या सुट्टीत खिडकीवरून जाताना म्हणत, "फुलदाणी, पाणी बदललं का?"

त्या पोरींमध्ये युरानीही असे. युरानी एदिल्माची मुलगी. ती म्हणत नसे, पण हसत असे.

युरानी मळ्यात होती आणि मळ्याची नव्हती. आता मळा कुणाला कामावर घेत नाही. ठेकेदार घेतो, हंगामापुरतं, आणि मळ्याला पाठवतो. करार संपला की ठेकेदार पुन्हा बोलावतो किंवा बोलावत नाही. एदिल्माचा गणवेश निळा होता, युरानीचा करडा. एकाच बसमधून दोघी पहाटे जात, एकच डबा दोघींत असे, आणि एकीला काढायला सरकारची परवानगी लागे तर दुसरीला काढायला फोन न करणं पुरे होतं.

"आई, तुझं बरं आहे," युरानी म्हणायची. "तुला सरकारने लोणच्यासारखं बरणीत घातलंय."

"मग तू पण आजारी पड."

"ठेकेदाराकडे आजारी पडले तर लोणचं नाही करत. फेकतात."

एदिल्माचा सगळा जीव पेन्शनमध्ये होता. थोडी वर्षं उरली होती. तोपर्यंत फुलदाणीत बसायचं, रबरबँड निवडायचे आणि हात बरा होऊ द्यायचा नाही. हे तिला पाठ होतं. आणि तरीही तिने हात दाखवून अवलक्षण केलंच.

व्हॅलेंटाईनचा हंगाम संपला की मळा जेवण देतो. मांडव, आख्खं भरलेलं डुक्कर, बीयर, बँड, आणि शेवटी जुडी बांधण्याची स्पर्धा. वर्षभर ज्या कामासाठी बायकांना ओरडा बसतो तेच काम त्या दिवशी त्या हौसेने, टाळ्यांच्या गजरात, फुकट करतात. पहिलं बक्षीस प्रेशर कुकर. एदिल्माने हे बक्षीस लागोपाठ इतक्या वेळा नेलं होतं की एके वर्षी मळ्याने तिला परीक्षक केलं, बाकीच्यांना कुकर मिळावा म्हणून.

त्या वर्षी फुलदाणीचं टेबल मांडवाच्या टोकाला, जनरेटरपाशी लावलं होतं. एदिल्माने त्याच आठवड्यात मनगटात सुई टोचून घेतली होती, त्यामुळे ठणका जरा दबलेला. वर ब्लांका निएवेसने बडीशेपेची दारू आणलेली. एका घोटाने हात शांत झाला, दुसऱ्याने एदिल्मा.

स्पर्धेत युरानी उभी होती. घाबरलेली होती. पुठ्ठा वाकडा लागला, दोन गुलाबांच्या माना मोडल्या. ध्वनिवर्धक सुपरवायझर ओलिव्हेरिओच्या हातात होता. तो दिवसभर विनोद करत होता आणि लोक हसत होते, कारण तो सुपरवायझर होता.

"अरे अरे अरे! ही कुणाची लेक?" ओलिव्हेरिओ म्हणाला. "दोन्या एदिल्माची, एदिल्माबाईंची! मग बरोबर आहे. पोरीने आईचे हात घेतलेत!"

मांडव हसला. फुलदाणीचं टेबलसुद्धा हसलं, नंतर थांबलं.

"बस खाली," ब्लांका निएवेस म्हणाली, कारण एदिल्मा उठली होती.

"पाणी पिऊन येते."

"पाणी इथेच आहे, बये. एदिल्मा! अगं तुला देवाची आण—"

एदिल्मा मांडवाच्या मधून चालत गेली. ओलिव्हेरिओला वाटलं ती भांडायला येते आहे. तो एक पाऊल मागे सरला. ती त्याच्याकडे न बघता टेबलाशी गेली, युरानीला कोपराने बाजूला केलं, मोडलेले गुलाब झटकले आणि नवा पुठ्ठा पसरला.

पुढचं सगळ्यांनी पाहिलं. नव्या पोरींनी तिला कधी काम करताना पाहिलंच नव्हतं, त्यांना फुलदाणीतली म्हातारी माहीत होती. दांडे तिच्या बोटांतून असे गेले की जणू तेच रांगेत उभे राहत होते. एक जुडी, दुसरी, तिसरी. बँडवाला वाजवायचा थांबला. मग कुणीतरी "चि-ती-वा! चि-ती-वा!" सुरू केलं आणि सगळा मांडव टेबलं बडवायला लागला. युरानी रडत होती आणि मोबाईलवर चित्रण करत होती. बाकीचेही करत होते. डॉक्टर आर्सेसिओही करत होते, जरा पुढे येऊन, नीट, हात दिसतील असे.

कुकर एदिल्माला मिळाला. घरी आल्यावर तिला त्याचं झाकण उघडता येईना. युरानीने उघडून दिलं. रात्री तिचा हात कोपरापर्यंत सुजला, सकाळी तिला चमचा धरवेना, आणि तरीही नाश्ता करताना ती अधूनमधून हसत होती.

"आई, काय बघतेयस?"

"काही नाही. त्या ओलिव्हेरिओचं तोंड."

हे हसू पंधरवडाभर टिकलं. मग मळ्याने निरीक्षकाकडे अर्ज केला. सदर कामगार पूर्ण बरी झाली आहे, आजाराचं सोंग करते आहे, तिला काढायला परवानगी मिळावी. सोबत चित्रफीत.

"सगळ्या मळ्यात तूच एक," ब्लांका निएवेस म्हणाली. तिने आरडाओरडा केला नाही, यावरूनच काय ते कळत होतं. "लोक आजार लपवून नोकरी वाचवतात, तू आजार दाखवून नोकरी वाचवत होतीस, आणि ऐन वेळी तू बरी झालीस. कशासाठी? कुकरसाठी?"

"तो पोरीला बोलला."

"पोरीला रोज बोलतात. पोर मेली का?"

एदिल्माने पिवळा रबरबँड निळ्यांत टाकला, मग उचलून परत पिवळ्यांत टाकला.

"आता ऐक," ब्लांका निएवेस म्हणाली. "निरीक्षकासमोर तुला जुडी बांधून दाखवायला सांगतील. हे लोक तसेच. तू धडपडायचं. चार-पाच दांड्यांनंतर हात थरथरवायचा, फुलं पाडायची, 'आई गं' म्हणायचं. जास्त ओरडू नकोस. बाळंतपणात ओरडलीस तशी नको."

मग आठवडाभर फुलदाणीत तालीम चालली. पोत्यातल्या काड्या गुलाब म्हणून घेत आणि एदिल्मा त्या पाडत असे. बाकीच्या बायका परीक्षक. "खोटं वाटतंय." "अंगठा आधी सोड." "चेहरा, बये, चेहरा!" इतकी वर्षं जे न पाडायला ती शिकली होती ते पाडायला शिकणं अवघड गेलं. तालमीत तिला शेवटपर्यंत नीटसं जमलं नाही. पडायच्या आत हात दांडा पकडे.

निरीक्षक तरुण बाई होती, सर्दी झालेली, टेबलावर रुमालांचा ढीग. तिने चित्रफीत पाहिली. फितीत मांडव ओरडत होता: चि-ती-वा! निरीक्षकबाईंनी आवाज कमी केला.

"या तुम्हीच का?"

ब्लांका निएवेसने सांगून ठेवलं होतं की इथे जरा घुटमळायचं, दारू प्यायले होते, आठवत नाही, असं काही. एदिल्माने फितीतल्या हातांकडे पाहिलं.

"मीच," ती म्हणाली. "दुसरं कोण असणार?"

डॉक्टर आर्सेसिओंनी समाधानाने पाय ताणले. ते सोबत गुलाब घेऊन आले होते, पुठ्ठा, पिनांचं यंत्र, सगळं. चांगले गुलाब होते, निर्यातीचे. "दोन्या एदिल्मा, बाईंना फक्त एक जुडी करून दाखवा," ते म्हणाले. "तुमची इच्छा असेल तर हं. जबरदस्ती नाही."

मागच्या बाकावर युरानी बसली होती, करड्या गणवेशात, अर्ध्या दिवसाची रजा टाकून.

एदिल्माने पुठ्ठा पसरला. पाचव्या दांड्याला अंगठा सोडायचा असं ठरलं होतं. पाचवा दांडा आला आणि बसला, सहावा बसला. पहिला थर असा जमून आला की एखादीने फोटो काढावा. तालीम कुठल्या कुठे गेली. हातांना ती कधी पटलीच नव्हती. तिला थांबायचं होतं, आणि थांबवत नव्हतं. डॉक्टर आर्सेसिओ तर चक्क हसत होते.

दुसऱ्या थराच्या मध्यावर अंगठा गेला.

दुखलं नाही. दुखणं तिच्या ओळखीचं होतं. हे म्हणजे अंगठा तिथे नव्हताच. तिने दांडा धरला आणि तो धरलेला नव्हता, तिने बोटं मिटली आणि ती मिटली नाहीत. पुठ्ठा उलगडला, गुलाब टेबलावरून घरंगळून निरीक्षकबाईंच्या रुमालांत गेले. एदिल्माने वाकून एक उचलायचा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा केला. तिसऱ्यांदा ती तशीच वाकून राहिली. "आई गं" म्हणायचं ती विसरली.

खोलीत टाळी वाजली. डॉक्टर आर्सेसिओ होते.

"वा!" ते म्हणाले. "बाई, मी मळ्यात इतकी वर्षं आहे, पण असा अभिनय पाहिला नाही."

निरीक्षकबाई बराच वेळ एदिल्माकडे बघत होत्या. बाईला काय वाटलं ते कळायला मार्ग नाही, ती शिंकली. पण शस्त्रक्रिया दोन झाल्या होत्या, डॉक्टरांचे, म्हणजे खऱ्या डॉक्टरांचे, दाखले होते, आणि जेवणावळीतला एक खेळ त्यांच्यावर मात करू शकत नव्हता. परवानगी नाकारली. सदर कामगाराचा हात निकामी असल्याचं सरकारने मान्य केलं.

बाहेर पायऱ्यांवर युरानीने आईला मिठी मारली. "काय केलंस गं! आधी माझा जीव वर आला होता, वाटलं ही बांधतेच आता! आणि मग काय पाडलीस! मला सुद्धा खरं वाटलं."

एदिल्माने उजवा हात ओव्हरकोटाच्या खिशात घातला. तो तिला डाव्या हाताने घालावा लागला.

"तालीम केली होती," ती म्हणाली.

फुलदाणीत तिचं स्वागत झालं. ब्लांका निएवेसने तिळाच्या वड्या आणल्या. सगळ्यांना सविस्तर ऐकायचं होतं, कसं पाडलं, चेहरा कसा केला. एदिल्माने सांगितलं. सांगताना एक-दोन ठिकाणी भरही घातली. त्या दिवसानंतर मळ्यात तिची ख्याती झाली. जी आधी सर्वांत वेगवान म्हणून होती ती आता सर्वांत पक्की म्हणून. खिडकीवरून जाताना पोरी आता आदराने हात थरथरवून दाखवत आणि डोळा मारत. खरोखर दुखतंय असं ती कधी म्हणाली तर फुलदाणीसुद्धा हसे. रबरबँड ती डाव्या हाताने निवडू लागली, आणि तेही लोकांना नाटकाचा पुढचा अंक वाटला.

त्याच सुमारास युरानीचा करार संपला. तिच्यासाठी अर्ज करावा लागला नाही, चित्रफीत लागली नाही, सर्दी झालेली कुणी बाई लागली नाही. तिला काढलं नाहीच कुणी. ती संपली, एवढंच. तिच्याबरोबरच्या करड्या गणवेशातल्या बाकीच्या पोरींना ठेकेदाराचा फोन आला. तिला आला नाही.

"तू त्यांची परवानगी हाणून पाडलीस ना," युरानी म्हणाली, "मग ज्याला परवानगी लागत नाही ते त्यांनी केलं."

एदिल्मा कुकरमध्ये बटाटे टाकत होती. "मी राजीनामा देऊ? त्यांना सांगू, मी जाते, पोरीला घ्या?"

"आणि खाऊ काय? माझा न आलेला फोन?" मग पुढे होऊन, "झाकण दे. मी लावते."

पण घरात जेवणाला चव राहिली नाही. युरानी भांडी आपटायची. एकदा म्हणाली, "सगळं त्या मांडवात झालं. मी हरले असते तर काय बिघडलं असतं? सगळ्याच हरतात." एदिल्माकडे उत्तर होतं, पण ते तिला डाव्या हाताने देता येण्यासारखं नव्हतं.

एप्रिलात ठेकेदाराची बाई चौकात, चर्चसमोर टेबल टाकून बसते. मदर्स डेचा हंगाम. आख्ख्या जगाला आपली आई एकाच रविवारी आठवते आणि तिला गुलाब आमच्याकडून जातात. रांग बाजारापर्यंत असते. बाई मळ्यातल्या कुणाला चेहऱ्याने ओळखत नाही, पण यंदा कुजबुज होती की ती आडनावं बघते आहे, चितीवांना गाळायला. आमच्याकडे माणसाला दोन आडनावं, आधी बापाचं, मग आईचं. युरानीच्या ओळखपत्रावर कुबियोस चितीवा असं छापलेलं. जो बाप निघून गेला त्याचं नाव पुढे, आणि जी राहिली तिचं मागे.

आदल्या संध्याकाळी एदिल्माने स्वतःच विषय काढला.

"विचारलं तर नाही म्हण."

"काय नाही?"

"ती कोण, मला ठाऊक नाही म्हण. या गावात दगड मारला तर चितीवालाच लागतो. सांग, आमचे चितीवा वेगळे, वरच्या वाडीचे."

"आई."

"घुटमळू नकोस. घुटमळलीस की पकडतात. आणि चेहरा—" एदिल्मा थांबली. "चेहरा जरा वैतागलेला ठेव. जणू हे सगळेच विचारतात."

युरानीने हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "बरं. विचार."

एदिल्मा टेबलापलीकडे बसली. हातात काल्पनिक पेन धरायला गेली, ते धरवेना, तेव्हा तसंच. "चितीवा? ती फुलदाणीतली नाटकी म्हातारी तुझी कोण?"

"कोणी नाही."

"परत. लवकर."

"कोणी नाही हो, बाई. या गावात दगड मारला तर चितीवालाच लागतो."

"हं," एदिल्मा म्हणाली. "आता बरं."

मुलीला तालीम आईपेक्षा लवकर जमली.

युरानीला काम मिळालं. पहाटेच्या बसमध्ये ती आता पुढे बसते, करड्या पोरींत, आणि एदिल्मा मागे, निळ्या बायकांत. डबे दोन झाले आहेत. उतरताना ब्लांका निएवेसने एकदा सवयीने हाक मारली, "काय गं लेकी, धर्ममातेला विसरलीस?" आणि युरानीने वैतागलेला चेहरा करून मान वळवली. ब्लांका निएवेसला वाईट वाटलं. एदिल्माला वाटलं की चेहरा जरा जास्त झाला, घरी गेल्यावर सांगितलं पाहिजे.

मदर्स डेच्या आदल्या दिवशी मळा प्रत्येक आईला एक गुलाब देतो, निर्यातीतून नापास झालेला. डॉक्टर आर्सेसिओ स्वतः फुलदाणीत आले. "दोन्या एदिल्मा, हे तुमचं," ते म्हणाले आणि फूल तिच्या उजव्या हातासमोर धरून थांबले. सगळ्या जणी बघत होत्या. एदिल्माने डावा हात पुढे केला.

"मुलंबाळं किती तुम्हाला?" त्यांनी सहज विचारलं, जणू मांडवातलं काही त्यांना आठवतच नव्हतं.

ती घुटमळली नाही.

"नाही," ती म्हणाली. "कोणी नाही."